एका संस्थेचे दोन प्रवाह : मुंबई एज्युकेशन सोसायटी आणि देवळालीचे बार्न्स स्कूल

प्रस्तावना

इंग्रजी निवासी शाळा म्हटली की दगडी इमारत, प्रार्थनामंदिर, विस्तीर्ण मैदान आणि सामान्यांना न परवडणारे शुल्क असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसरातील मध्यमवर्गही अशा शाळांकडे वरिष्ठ वर्गाची मिरासदारी म्हणूनच पाहत आला आहे. या शाळांचा उगम मात्र निराळा आहे. देवळाली येथील बार्न्स स्कूलच्या पूर्वेतिहासाच्या आधारे त्याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

धर्मादाय प्रारंभ

1718 मध्ये रेव्हरंड रिचर्ड कॉब यांनी मुंबईत बारा गरीब मुलांसाठी मोफत शाळा सुरू केली. मुलांच्या निवासाची, अन्नवस्त्राची आणि शिक्षणाची सोय तेथे होती. सैनिकांची पोरकी व निराधार मुले वाढत गेली, तशी ही सोय अपुरी पडू लागली. 1815 मध्ये आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांच्या पुढाकाराने मुंबई एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व तिने ही जबाबदारी स्वीकारली. 1825 मध्ये भायखळा येथे संस्थेच्या शाळांसाठी नवी वास्तू उभी राहिली. म्हणजेच येथील निवासव्यवस्था प्रतिष्ठेतून नव्हे, तर निराधारपणातून जन्मली. इंग्लंडमध्येही सहाव्या हेन्री राजाने 1440 मध्ये स्थापन केलेले ईटन मुळात सत्तर गरीब विद्यार्थ्यांसाठी होते, हे साम्य लक्षणीय आहे.

प्रवाहांचे विभाजन

एतद्देशीय मुलांनाही सोसायटीची दारे बंद नव्हती. मुंबईबरोबरच सुरत व ठाणे येथेही तिने शाळा काढल्या. तथापि तिचा मूळ हेतू ख्रिस्ती धर्मशिक्षणाशी निगडित होता. देशी भाषांतील पुस्तके आणि देशी मुलांच्या शाळा हे कार्य त्या चौकटीत मावणारे नव्हते. म्हणून 1820 मध्ये त्यासाठी वेगळी समिती नेमण्यात आली आणि 1822 मध्ये तिचे स्वतंत्र संस्थेत रूपांतर झाले. हीच पुढे मराठीत 'हैंदशाळा पुस्तक मंडळी' म्हणून ओळखली गेली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला आश्रय होता. सदाशिव काशिनाथ छत्रे व त्यांच्यानंतर बाळशास्त्री जांभेकर यांनी तिचे काम वाहिले. छत्र्यांची 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' ही 1828 मधील पुस्तके याच परंपरेतील होत. मराठी शालेय गद्याची पायाभरणी आणि इंग्रजी निवासी शाळा यांचे गोत्र असे एकच ठरते.

भायखळा ते देवळाली

16 एप्रिल 1853 रोजी ठाण्यापर्यंत, 1854 मध्ये कल्याणपर्यंत आणि 1865 मध्ये थळ घाट चढून इगतपुरीपर्यंत रेल्वे पोहोचली. त्यामुळे घाटमाथ्यावरील मोकळी हवा मुंबईच्या आवाक्यात आली. भायखळ्याची वस्ती दाट होत गेल्यावर सोसायटीने निवासी विभाग देवळालीला हलवला आणि 1925 मध्ये तेथे बार्न्स स्कूल सुरू झाले. भायखळ्यास क्राइस्ट चर्च स्कूल ही दिवसाची शाळा राहिली. 1947 नंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे परदेशी गेली आणि या शाळांचा विद्यार्थिवर्गही बदलला. गरजूंचा आश्रय असलेले वसतिगृह हळूहळू सधन पालकांची निवड बनले.

समारोप

'इंग्रजी निवासी शाळा' आणि 'मराठी शाळा' ही दोन जन्मतः भिन्न विश्वे आहेत, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः 1822 च्या एका संस्थात्मक निर्णयाने ती वेगळी झाली. त्या निर्णयाने मराठी ग्रंथनिर्मितीस बळ दिले हे खरेच. परंतु मुले एकत्र शिकण्याची शक्यताही त्याच वेळी क्षीण झाली. मराठी शाळांच्या घटत्या पटाची चर्चा करताना आपण भाषेचा अभिमान आणि इंग्रजीचे आकर्षण एवढ्यावरच थांबतो. दर्जेदार शिक्षण कोणासाठी, आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हा कॉब आणि बार्न्स यांच्यासमोरचा प्रश्न मात्र आजही अनुत्तरित आहे. शाळांचा इतिहास अभ्यासताना इमारती व परंपरांइतकाच प्रवेशाच्या दारावर झालेल्या या निर्णयांचाही विचार होणे आवश्यक आहे.