जिथे कॅमेरा पोहोचत नाही

१९९८ साल चालू आहे. ऑक्सफर्डजवळच्या कलहॅममध्ये, नियंत्रण कक्षात, ‘मॅस्कॉट’ या यंत्राच्या दोन्ही मुठी तुम्ही धरल्या आहेत. जाड भिंतींपलीकडे ‘जेट’ या संलयन भट्टीचं मेदूवड्याच्या आकाराचं निर्वात पात्र आहे. गेल्या वर्षी त्यात ड्युटेरियम आणि ट्रिशियमच्या संलयनातून १६ मेगावॉट शक्ती मिळाली. तोवर एवढी कुणालाच साधली नव्हती. पण त्यातून सुटलेल्या न्यूट्रॉनांनी पात्राचा धातूच किरणोत्सारी करून ठेवलाय. भिंतींत ट्रिशियम मुरलंय, शिवाय बेरिलियमची विषारी धूळ. माणूस आत पाठवायचा नाही, आणि उष्णता आणि राख झेलणारा तळाचा भाग, म्हणजे डायव्हर्टर, मात्र पुरता बदलायचा! संलयनाच्या भट्टीत असं काम पहिल्यांदाच होतंय.

तुम्ही मनगट वळवता. आत, लांबलचक सांधेदार बूमच्या टोकावर, दुसरी दोन मनगटं वळतात. पाना बोल्टला टेकतो आणि तो ठेका तुमच्या बोटांपर्यंत येतो. डोळ्यांचं मात्र अवघड आहे. कॅमेरे दाखवतात ते समोरचं. बूमचं मागचं कोपर भिंतीपासून किती दूर आहे, हे कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही.

ते दिसतं शेजारच्या पडद्यावर. डोक्यावर चढवायचं काही नाही, साधा पडदाच. सांध्यांमधल्या मोजणीवरून तिथलं आभासी बूम खऱ्याबरोबर हलतं. तुम्ही वरून बघा, पाठीमागून बघा, भिंतीच्या आतून बघा. याच चित्रात आधी प्रत्येक वाट ठरवली गेली, मग पूर्ण आकाराच्या प्रतिकृतीवर तालीम झाली. मला आभासी वास्तवाच्या या तंत्राचं मोल इथेच वाटतं: चूक करायची ती तिथे, पात्रात नाही.

तरी ते चित्र आराखड्यातून आलेलं. तापून-निवून जरा सरकलेली फरशी त्यात जुन्याच जागी असते. चित्र म्हणतं, मोकळं आहे. हाताला अडथळा लागतो. अशा वेळी हातावर विश्वास ठेवा आणि थांबा.

आता फ्रान्समधल्या कादाराशला, पुढच्या काळात चला. तिथली ‘इटर’ ही संलयन भट्टी चालून थांबलीय, तिचाही डायव्हर्टर बदलायचाय. त्याचे ५४ भाग, एकेक सुमारे १० टनांचा. एवढं वजन मुठीत तोलून जाणवत नाही. किरणांच्या माऱ्यात कॅमेरेही फार टिकत नाहीत. म्हणजे तुमचा भार चित्रावरच, आणि तेच इथे फसवू शकतं: ओझ्याने यंत्राचा हात किंचित वाकतो, पण सांध्यांच्या मोजणीत तो वाक उतरत नाही. म्हणून पोलाद किती लवेल याचं गणित त्या आभासी हातात आधीच भरावं लागतं, आणि काम चालू असताना जागेवर घेतलेल्या मापांशी ते पुन्हा पुन्हा जुळवून पाहावं लागतं. फटी अगदी अरुंद आहेत. १० टनांचा भाग मध्येच अडकला, तर तो सोडवायलाही आत कुणी जाऊ शकणार नाही.