बाळाची भाषा कुणी वाचली? काश्यपसंहितेपासून गडचिरोलीपर्यंत

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, की हे बालसंगोपनाचं व्याख्यान आहे. तसं नाही, हे इतिहासाचंच आहे. पण समोर कडेवर बाळ घेतलेले चार-पाच श्रोते दिसताहेत, म्हणजे आज इतिहासाची परीक्षा जागेवरच होणार. बाळ मध्येच रडलं तर संकोचू नका, विषयाला धरूनच होईल ते.

आपण तळवलीत बसलो आहोत. घणसोली-रबाळेच्या पट्ट्यातलं हे जुनं गाव. १९७० साली सिडको आली, ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. भातशेती, खाडी, मिठागरं यांच्या जागी कारखाने आणि इमारती आल्या. या बदलाचा हिशेब आपण नेहमी जमिनीच्या भावात करतो. त्याची एक दुसरी बाजू मोजली जात नाही. गावठाणातल्या घरात बाळंतिणीच्या खोलीत दिवसभर कुणी ना कुणी येऊन बसायचं. आजी, मावशी, शेजारीण, मालिश करणारी बाई. बाळ रडलं की चार तोंडांतून चार निदानं निघायची. 'भूक लागलीय', 'पोटात वारा धरलाय', 'दृष्ट लागली', 'झोप आलीय, दुसरं काही नाही'. यातली दोन चुकीचीही असतील. पण पाहणारे डोळे आठ होते. आज सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोघंच असतात, त्यातला एक रात्री नऊला लोकलने परततो आणि आजी व्हिडिओ कॉलवर असते. तेव्हा 'बाळ काय सांगतंय' हा प्रश्न आज जास्त टोकदार झालाय. पण प्रश्न जुनाच आहे.

किती जुना? काश्यपसंहिता हा आयुर्वेदातला बालरोगांचा ग्रंथ. तो कधीचा यावर विद्वानांची एकवाक्यता नाही, त्या वादात आपण शिरू नये. नेपाळात राजगुरू हेमराज शर्मांकडे त्याची ताडपत्री पोथी होती, खंडित. १९३८ साली आपल्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून ती छापून निघाली. या ग्रंथात 'वेदनाध्याय' नावाचा अख्खा अध्याय आहे. शिष्य वृद्धजीवक विचारतो, की ज्यांना बोलता येत नाही अशा बाळांचं दुखणं वैद्यानं ओळखायचं कसं? उत्तरात काश्यप एकेक दुखणं घेऊन बाळ काय करतं ते सांगतो. डोकं दुखत असेल तर ते डोकं सारखं हलवतं, डोळे मिटून घेतं, रात्री ओरडतं. कान दुखत असेल तर हात कानांकडे नेतं. पोटात दुखत असेल तर स्तन सोडून देतं, रडतं, उताणं पडतं, पोट ताठ होतं, तोंडावर घाम येतो. लघवीच्या त्रासात अंगावर काटा येतो, बाळ ओठ चावतं.

यातलं प्रत्येक लक्षण आजच्या वैद्यकाच्या कसोटीला उतरेल असं आम्ही म्हणत नाही. नुसतं कानाला हात लावणं हे कान दुखण्याचं पक्कं लक्षण नव्हे, हे कोणताही बालरोगतज्ज्ञ सांगेल. पण गृहीतक बघा. बाळाला दुखतं, आणि ते अंगाने सांगतं, हे या ग्रंथाला सिद्ध करावंसंच वाटत नाही.

हे कौतुक कशासाठी, ते आता कळेल. विसाव्या शतकात, अगदी १९८०च्या दशकापर्यंत, युरोप-अमेरिकेतल्या चांगल्या रुग्णालयांत नवजात बाळांवरच्या शस्त्रक्रिया पुष्कळदा पुरेशा भुलीशिवाय होत. समजूत अशी, की त्यांची मज्जासंस्था अपुरी आहे, त्यांना आपल्यासारखं दुखत नाही. रडणं, आक्रसणं, चेहरा वेडावाकडा होणं ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. भुलीच्या औषधाची भीतीही होती, ती अगदीच निराधार नव्हती. इंदूरला वैद्यक शिकून ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत सिंग आनंद यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिलं, की भुलीचं औषध नीट दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. मग पद्धत बदलू लागली. म्हणजे खूण डोळ्यांसमोर होती, रोज दिसत होती. तिला खूण मानायची तयारी नव्हती.

डार्विनचं उदाहरण याच्या उलट. १८३९ साली त्याला पहिला मुलगा झाला आणि हा माणूस वही घेऊन पाळण्याशेजारी बसला. ते टिपण त्याने १८७७ मध्ये छापलं. त्यात एक बारीक नोंद आहे, की साधारण अकराव्या आठवड्यापासून भुकेचं रडणं आणि दुखण्याचं रडणं वेगळं ऐकू येऊ लागलं. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला ही बातमी वाटली नसती. फरक एवढाच, की आजीने तारीख लिहून ठेवली नाही.

आता गडचिरोली. आजच्या व्याख्यानाचा गाभा तिथे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था काढली. पहिला प्रश्न न्यूमोनियाचा होता. बाळाचा श्वास जोरात चालतो हे आईला दिसत होतं, पण नेमका किती जोरात? दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास हा धोका. गावातल्या सुइणींना ६०पर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून एक मणीपाटी तयार केली, सोबत एक मिनिटाची वाळूची घडी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. आमच्या मते महाराष्ट्राच्या विज्ञानाच्या इतिहासात या मणीपाटीला मोठमोठ्या यंत्रांच्या बरोबरीने जागा मिळायला हवी.

पण जन्मल्यापासून २८ दिवसांत दगावणाऱ्या बाळांचा प्रश्न अधिक अवघड होता. १९९३ ते ९५ या काळात त्या ३९ गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. रुग्णालय लांब, आणि ओल्या बाळंतिणीने घराबाहेर पडायचं नाही असा रिवाज. मग १९९५ पासून पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना शिकवलं, त्या आरोग्यदूत. रक्त तपासायची सोय नाही, एक्स-रे नाही. जंतुदोष ओळखायचा कसा? सात लक्षणं ठरली. रडणं मंद झालं किंवा थांबलं. दूध ओढणं कमी झालं किंवा थांबलं. बाळ मलूल किंवा बेशुद्ध झालं. अंग तापलं किंवा गार पडलं. त्वचेत किंवा बेंबीत पू. जुलाब, सतत उलट्या किंवा पोट फुगणं. कण्हणं, छाती आत ओढली जाणं किंवा श्वास फार जलद. यातली कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की जंतुदोष धरायचा, आणि आईबापांची संमती असेल तर घरीच प्रतिजैविक द्यायचं, इंजेक्शनसुद्धा. अशा बाईच्या हाती सुई द्यायची का, यावर बरीच टीका झाली.

या यादीतली पहिली लक्षणं पुन्हा ऐका. 'मंद रडणं' असं त्यात नुसतं नाही. आधी नीट रडणारं बाळ आता मंद रडतंय, आधी नीट ओढणारं आता ओढत नाही, असं आहे. तुलना पुस्तकातल्या बाळाशी नाही, त्याच बाळाच्या कालच्या दिवसाशी. ही तुलना बाहेरून आलेला डॉक्टर करूच शकत नाही, त्याने काल पाहिलेलं नसतं. ती आई करते. म्हणजे जे ज्ञान आजवर 'बायकांचं काहीतरी' म्हणून बाजूला पडत होतं, ते इथे निदानाचा भाग झालं. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, त्या गावांतला हा मृत्युदर २५.५ वर आला, तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी दगावणारी १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आली. डिसेंबर १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापलं गेलं. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशा सेविकांच्या गृहभेटी याच धर्तीवर सुरू झाल्या: जन्म रुग्णालयात झाला तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झाला तर सात.

दृष्ट काढण्याविषयी कुणीतरी विचारणार, म्हणून आधीच बोलतो. मीठ-मोहरी उतरवण्यात बाळाला इजा नाही. झोपेत बाळ हसलं की 'सटवाई हसवते' म्हणायचे, तेही गोडच. अडचण येते ती वरची दोन लक्षणं दिसत असताना दृष्ट काढून सकाळपर्यंत थांबलं तर. तेव्हा मोहरी उतरवा, पण रिक्षा आधी बोलवा.

रोजच्या खुणा त्यामानाने सोप्या. मूठ तोंडाकडे जाते, मान वळवून बाळ काहीतरी शोधतं, ओठ चुटचुटतात, ही भूक. रडणं ही भुकेची शेवटची पायरी, तोवर थांबलात तर चिडलेलं बाळ धड ओढतही नाही. खेळता खेळता तोंड फिरवलं, जांभई दिली, तर पुरे झालं. लगेच दुसरा खुळखुळा वाजवू नका.

आणि श्वास मोजायचा झाला तर बाळ शांत असताना, झबलं वर करून, पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण नवजात बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, मध्येच थबकतो, मग भरभर चालतो. ६० किंवा जास्त आले तर लगेच पुन्हा एकदा मोजा, दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर थेट डॉक्टरांकडे. मागच्या रांगेत हात वर झालेला दिसतोय, तिथून प्रश्नांना सुरुवात करू.