जुनी इमारत कुणाची?



१९७६ सालची आपली राणीबागेची सहल आठवते? फाटकाजवळच खांबांची एक भव्य जुनी इमारत होती. हे भाऊ दाजी लाड संग्रहालय, आदल्याच वर्षी त्याचं नाव बदललं, असं सर सांगत होते. तोवर आपण हत्ती आणि माकडांकडे पळालो होतो. आत जायला मला पुढची तीसेक वर्षं लागली.

ती इमारत आज आठवायचं कारण म्हणजे स्नेहसंमेलनाच्या तयारीची बैठक. तिथे शाळेच्या जुन्या कौलारू इमारतीचा विषय निघाला. पाडून नवी बांधा, असं काहींचं मत. काहींनी कावसजी जहांगीर सभागृहाचं उदाहरण दिलं. १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, मग आपणही काहीतरी करू. उरलेल्यांचं म्हणणं, संस्था बघून घेईल. शेवटी चहा आला आणि विषय तिथेच राहिला. राणीबागेतल्या त्या इमारतीचा इतिहास या तिन्ही मतांना उत्तर देतो, असं मला वाटतं.

हे संग्रहालय आधी कोटातल्या एका बराकीत होतं. १८५७ च्या उठावात सरकारला सैन्यासाठी ती जागा हवी झाली आणि वस्तू घाईने हलवल्या गेल्या. त्यांना हक्काचं घर मिळावं म्हणून डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांनी पुढाकार घेतला, शहरात वर्गणी जमवली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली. १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला आणि पैशाअभावी काम अडलं. त्याच वर्षी नाना गेले. मग सरकारने काम पुढे नेलं आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी उघडलं. म्हणजे ही वास्तू मुळातच नागरिक आणि सरकार यांच्या भागीदारीतून उभी राहिली.

पुढे ती नगरपालिकेकडे आली. भाऊ दाजींचं नाव १९७५ मध्ये लागलं, पण इमारतीची रया जातच राहिली. पालिकेच्या कारभारात दवाखाने, रस्ते, पाणी यांच्यापुढे संग्रहालयाचा क्रमांक लागणार कधी? मुंबईत १९९५ मध्ये वारसा वास्तूंसाठी नियमावली आली. तिचा उपयोग मोठा आहे. तरी नियम पाडकाम अडवू शकतो, गळकं छप्पर दुरुस्त करू शकत नाही.

कलाटणी मिळाली फेब्रुवारी २००३ मध्ये, एका त्रिपक्षीय कराराने. महापालिका, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन असे तीन पक्ष. मालकी पालिकेचीच राहिली. जाणकारी इंटॅकने आणली आणि फाउंडेशनने पैशाचा भार उचलला. वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम झालं. २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली. कारभार विश्वस्त मंडळाकडे आला. जुन्या मुंबईचे नकाशे आणि मातीच्या बाहुल्यांशेजारी आजचे चित्रकार आपली कामं मांडू लागले. मुलांच्या कार्यशाळा आणि कला-इतिहासाचे वर्ग सुरू झाले. वापर वाढला तशी वास्तूला माणसं मिळाली.

तरी एकदा दुरुस्त केलं की झालं, असं होत नाही. कोविडमध्ये बंद झालेलं संग्रहालय पुन्हा डागडुजी होऊन २०२५ च्या जानेवारीत उघडलं. जुन्या वास्तूची देखभाल कधी संपत नसते. म्हणून उद्घाटनाच्या फितीपेक्षा त्यानंतरच्या वीस वर्षांचा कागद महत्त्वाचा.

आपल्या शाळेकडे वळू. इमारतीत काय करायचं हा प्रश्न आपण आधी विचारला, तिथेच आपलं चुकलं. आधी ठरवायला हवं ते असं: मालक कोण आणि तो काय सोडणार नाही? पैसा कुणाचा आणि किती वर्षं? लाकूड, चुना आणि कौलं यांतलं कळणारं माणसू कोण? कुलूप रोज कोण उघडणार? आणि मतभेद झाले तर शेवटचा शब्द कुणाचा? संस्था, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि पालिका एका टेबलाशी बसल्याशिवाय यांची उत्तरं मिळणार नाहीत. त्या टेबलावर शेजारच्या चाळीतल्या माणसांनाही एक खुर्ची हवी. मैदान संध्याकाळी तेच वापरतात.

वर्गणी काढायला आपली बॅच तयार आहे, हे मला ठाऊक आहे. पण वर्गणी १८६२ च्या आधीही जमली होती, तरी काम अडलंच. म्हणून संमेलनाच्या दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मी पावतीपुस्तक आणणार नाही. हे पाच प्रश्न लिहिलेला एक कागद आणणार आहे. प्रत्येकाने त्यावर आपलं उत्तर लिहावं आणि खाली सही करावी. सर, पहिली सही तुमची.