फुंकर मोजणारे यंत्र आणि एक जुना ग्रह

खोल श्वास घ्यायचा आणि नळीत सगळी हवा जोराने सोडायची. दम्याच्या रुग्णाची किंवा खाणकामगाराची ही तपासणी ज्या यंत्राने होते, त्याला स्पायरोमीटर म्हणतात. आलेला आकडा पुरेसा आहे की नाही, हे कसे ठरते? वय, उंची, स्त्री की पुरुष हे पाहून 'अपेक्षित' आकडा काढतात व त्याच्याशी तुलना करतात. अमेरिकेत यात आणखी एक गोष्ट धरली जाई, ती म्हणजे वंश. काळ्यांसाठी अपेक्षित आकडाच १० ते १५ टक्क्यांनी कमी केला जाई. हे आले कुठून?

लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. दोन हजारांहून अधिक लोकांना फुंकायला लावून त्यांनी दाखवले, की ही क्षमता उंचीबरोबर वाढते. १८५१ साली लुइझियानातील गुलामगिरीचे समर्थक डॉक्टर सॅम्युएल कार्टराइट यांनी काळ्यांची क्षमता २० टक्के कमी असल्याचे लिहिले. सक्तीची मेहनत त्यांच्या हिताचीच, असा निष्कर्षही काढला. गुलामाचे पळून जाणे हा रोग आहे, असे म्हणणारे डॉक्टर हेच!

यादवी युद्धातील सैनिकांच्या मोजमापांवरून बेंजामिन गूल्ड यांनी १८६९ साली असाच फरक दाखवला. पण बऱ्याच काळ्या सैनिकांचे आधीचे आयुष्य गुलामीत गेले होते, हे हिशेबात आले नाही. क्षयासारखे रोग वंशामुळे नव्हे, तर राहणीच्या परिस्थितीमुळे वाढतात, असे डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९०६ साली मांडले. तरी वंशाची 'दुरुस्ती' सूत्रांत शिरलीच. पुढे ती यंत्रातच बसवली गेली.

परिणाम गणितानेच पाहू. अपेक्षित आकडा ४ लिटर, प्रत्यक्षात ३ लिटर, म्हणजे ७५ टक्के. ८० टक्क्यांखाली आजाराची शंका धरली, तर हा माणूस आजारी. आता अपेक्षित आकडा १५ टक्क्यांनी घटवून ३.४ लिटर करा. तोच माणूस ८८ टक्क्यांवर जाऊन 'निरोगी' ठरतो! फुफ्फुसे तीच, पण उपचार आणि भरपाई दोन्ही दुरावतात. १९९९ साली बाल्टिमोरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस खटल्यांत, काळ्या कामगारांना भरपाईसाठी वेगळा, अधिक कडक निकष लावावा अशी मागणी एका कंपनीने केली होती. इथे कोणा डॉक्टरच्या मनात द्वेष असण्याचीही गरज नव्हती. सूत्र आपले काम करत होते.

बदल झाला तो सूत्राची वंशावळ शोधल्यामुळे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ साली वंश न धरणारी सूत्रे वापरण्याची शिफारस केली. 'आशियाई' म्हणून आपल्यासाठीही ४ ते ६ टक्क्यांची घट सुचवली जाई, हेही लक्षात ठेवू.

पाण्याने भरलेली बाटली बादलीत उपडी धरून, तिच्यात नळीने फुंकर घालून हा प्रयोग वर्गात होतो. (प्रत्येकाला वेगळी नळी द्या.) दोन गटांच्या सरासरीत फरक आला, की मुलांना विचारा: याची कारणे किती असू शकतील? उंची, आहार, चुलीचा धूर, आजारपण… यादी पूर्ण होईपर्यंत 'ते असेच असतात' हे उत्तर स्वीकारू नका.