सोपाऱ्याचे करंडक आणि संस्थेचे उत्तरदायित्व

पालघरजवळचे माहीम म्हणजे बखरीतील महिकावती. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली ती बखर संपादून प्रसिद्ध केल्यामुळे या गावाचा पूर्वेतिहास अभ्यासकांपुढे आला. याच किनाऱ्यावर दक्षिणेस पालि वाङ्मयातील सुप्पारक, म्हणजे सोपारे आहे. तेथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उत्खनित केला. त्यातील एकात एक बसविलेले करंडक व आठ बुद्धमूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने सांभाळल्या. मूर्ती करंडकांहून कित्येक शतके उत्तरकालीन आहेत; अर्थात स्तूपाची पूजा दीर्घकाळ चालू होती.

याउलट १८९८ साली पिप्रहवा येथे सापडलेल्या रत्नांचा काही भाग खाजगी कुटुंबाकडे राहिला. मे २०२५ मध्ये हाँगकाँगला त्यांचा लिलाव व्हावयाचा होता. भारत सरकारच्या हरकतीने तो थांबला व जुलैत ती रत्ने स्वदेशी परतली.

संस्थेच्या स्वाधीन झालेला ठेवा बाजारात जात नाही, हे यावरून स्पष्ट होते. परंतु जतन हे अर्धेच कार्य होय. बखर जशी छापून माहीमच्या वाचकाला उपलब्ध झाली, तसे या करंडकांचे सचित्र मराठी वर्णन सोपाऱ्याच्या शाळेपर्यंत पोहोचावे, असे आम्हांस वाटते. ज्या भूमीतून धातू निघाले, तिला निदान त्यांची ओळख तरी परत मिळावी.