गिरिभ्रमणाचे बूट

गिरिभ्रमणाचे बूट (प्रचलित नाव: ट्रेकिंग शूज) ही डोंगरवाटा, कातळ, घसारा आणि हिमाच्छादित उतार यांवर चालण्यासाठी बनविलेली पादत्राणे होत. खोल खाचांचा रबरी तळ, टाचेला धरून ठेवणारी ताठ पाठ आणि बोटांच्या रक्षणासाठी पुढे दिलेली मजबूत टोपी ही त्यांची प्रमुख लक्षणे आहेत. बुटाची उपयुक्तता त्याच्या किमतीपेक्षा किंवा नावलौकिकापेक्षा तो वापरणाऱ्याच्या पायाच्या ठेवणीशी किती जुळतो यावर अधिक अवलंबून असते. खोक्यावरील क्रमांक केवळ लांबीचा अंदाज देतो. चवड्याची रुंदी, कमानीची उंची, पावलाच्या वरच्या बाजूचा उंचवटा आणि टाचेचा आकार यांविषयी तो काहीही सांगत नाही.

सह्याद्रीतील वाटा आणि पायावरील ताण

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरीच्या परिसरात गुमतारा हा किल्ला आहे. पायथ्याच्या गावावरून त्याला दुगाडचा किल्ला असेही म्हणतात. शेजारच्या शहापूर तालुक्यात, आसनगाव स्थानकापासून जवळ, माहुलीचा सुमारे ८५० मीटर उंचीचा दुर्गसमूह आहे. या दोन्ही ठिकाणच्या वाटा दाट झाडीतून उभ्या चढणीने वर जातात. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते, तर हिवाळ्यानंतर सुकलेली माती आणि सुटे दगड पायाखालून घसरतात. मुंबई आणि ठाण्याहून एका दिवसात जाऊन येता येत असल्याने अनेक नवखे भटके डोंगरवाटांशी पहिली ओळख अशाच किल्ल्यांवर करून घेतात, आणि बऱ्याचदा नवीन घेतलेले बूटही त्याच दिवशी पहिल्यांदा घालतात.

चढताना आणि उतरताना पायावर येणारा ताण वेगवेगळा असतो. चढावर शरीराचा भार चवड्यावर येतो आणि बुटाची पाठ सैल असेल तर टाच प्रत्येक पावलाला वर-खाली घासते. टाचेवरचे फोड बहुधा असेच येतात. उतारावर संपूर्ण पाऊल बुटात पुढे सरकते आणि बोटे टोपीवर आदळतात. माहुलीसारख्या किल्ल्यावरून दोन-तीन तास उतरताना हा आघात हजारो वेळा होतो. अंगठ्याचे नख काळे पडणे व पुढे गळून जाणे हा त्याचा परिचित परिणाम आहे. अधिक गंभीर धोका पडण्याचा असतो. बोटे दुखू लागली की चालणारा नकळत पाऊल आडवे किंवा टाचेवर टाकतो, त्यामुळे तळाची पकड निम्मीच मिळते. बुटात पाय हलत असेल तर तळ दगडावर रोवलेला असूनही घोटा मुरगळू शकतो. बहुतेक वेळा हे दिवसाच्या अखेरीस, थकलेल्या अवस्थेत घडते.

कारखान्यांत आणि गोदामांत वापरले जाणारे पोलादी टोपीचे सुरक्षा बूट दिसायला दणकट असतात. यंत्रमाग आणि गोदामांच्या भिवंडी परिसरात ते सहज मिळतात. ते वरून पडणाऱ्या जड वस्तूपासून बोटे वाचविण्यासाठी बनविलेले असतात. त्यांची टोपी ताणली जात नाही, तळ चालताना पुरेसा वाकत नाही आणि वजनही जास्त असते, त्यामुळे लांब उतारावर ते त्रासदायक ठरतात.

मापनाच्या पद्धती

भारतात विकल्या जाणाऱ्या बुटांवर प्रामुख्याने ब्रिटिश क्रमांक असतो. या पद्धतीत लगतच्या दोन पूर्ण क्रमांकांत एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे सुमारे ८.५ मिमीचा फरक असतो. युरोपीय पद्धतीत हेच अंतर दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६.७ मिमी असते. पायऱ्याच वेगळ्या असल्यामुळे एका पद्धतीतील क्रमांकाला दुसरीत बिनचूक जोडी सापडत नाही, आणि रूपांतराचे तक्तेही निरनिराळ्या उत्पादकांचे निरनिराळे असतात.

याहून महत्त्वाचा फरक वेगळाच आहे. या दोन्ही पद्धती मुळात ज्या साच्यावर (फर्म्यावर) बूट शिवला जातो त्या साच्याची लांबी मोजतात. बोटांपुढे किती मोकळी जागा ठेवायची हे ज्याचे त्याचे ठरलेले असल्याने एकाच क्रमांकाचे दोन बूट आतून वेगळे असू शकतात. याउलट मोंडोपॉइंट या पद्धतीत प्रत्यक्ष पायाची लांबी मिलिमीटर किंवा सेंटिमीटरमध्ये सांगतात. २६५ मापाचा बूट २६.५ सेंमी लांबीच्या पायासाठी असतो. स्कीच्या बुटांसाठी हीच पद्धत रूढ आहे. खोक्यावर हा आकडा छापलेला असल्यास खरेदी करताना त्यावर विसंबणे अधिक सुरक्षित असते.

भारतीय पाय

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या पायांची त्रिमितीय मोजणी केली. युरोपीय व अमेरिकी पायांच्या तुलनेत भारतीयांचा पाय सरासरीने रुंद असल्याचे या पाहणीत आढळले. अरुंद बूट टाळण्यासाठी लोक गरजेपेक्षा लांब बूट घेतात, ही गोष्टही त्यातून पुढे आली. या आधारावर ‘भा’ नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती प्रस्तावित करण्यात आली. तीत वय व लिंग यांनुसार आठ गट केलेले आहेत.

रुंदीसाठी लांबी वाढविण्याची ही सवय गिरिभ्रमणात सर्वाधिक नडते. मोठा क्रमांक घेतला की चवडा मोकळा होतो खरा, परंतु टाच सैल पडते, बुटाचा वाकण्याचा भाग पायाच्या सांध्यापुढे जातो आणि उतारावर पाऊल अधिक वेगाने पुढे आपटते. अशा पायाला त्याच लांबीचा पण रुंद साच्याचा बूट लागतो.

लहानपणी अनवाणी किंवा वहाणा घालून वावरलेल्यांच्या पायाची ठेवणही लक्षात घ्यावी लागते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या, २,३०० भारतीय मुलांच्या अभ्यासात बूट वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के आढळले होते. अनवाणी चालणाऱ्यांचा चवडा पसरट आणि बोटे फाकलेली असतात. सह्याद्रीतील अनेक वाटाडे अनवाणी किंवा साध्या चपलांवर अवघड कातळ लीलया चढतात, त्यामागे या पायाचा आणि आयुष्यभराच्या सरावाचा वाटा असतो. शहरात बंद बुटांत वाढलेल्या पायाने त्यांचे अनुकरण करणे इष्ट नाही.

पायाची ठेवण आणि बुटाची निवड

बोटांच्या लांबीनुसार पायाचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. अंगठा सर्वांत लांब आणि पुढची बोटे उतरत्या क्रमाने असलेल्या पायाला आतल्या बाजूने सरळ व करंगळीकडे निमुळता होत जाणारा बूट बसतो. अंगठ्याशेजारचे बोट लांब असल्यास माप त्या बोटाच्या टोकापर्यंत घ्यावे लागते. दुकानदार अंगठा दाबून पाहतो तेव्हा अशा पायाची फसगत होते, कारण अंगठ्यापुढे जागा दिसते आणि शेजारचे बोट मात्र टोपीला टेकलेले असते. (या बोटाविषयीच्या लोकसमजुतींचा बुटाच्या निवडीशी काही संबंध नाही.) सगळी बोटे जवळपास एका ओळीत असणाऱ्या चौकोनी पायाला टोकदार बूट कोणत्याही क्रमांकात सोसत नाही, त्याला रुंद व बोथट टोपीच हवी.

तळव्याची कमान पाहण्यासाठी ओल्या पायाचा ठसा कोरड्या फरशीवर उमटविण्याची पद्धत सोपी आहे. संपूर्ण तळव्याचा ठसा उमटला तर पाय सपाट, टाच आणि चवडा यांना केवळ अरुंद पट्टी जोडत असेल किंवा ती पट्टीही नसेल तर कमान उंच समजतात. हा ठसा ढोबळ कल्पनाच देतो. सपाट पाय भार पडल्यावर लांबीने व रुंदीने पसरतो, म्हणून त्याचे माप उभे राहूनच घ्यावे. त्याला आतल्या बाजूने आधार देणारी ताठ गादी उपयोगी पडते. उंच कमानीच्या पायाची अडचण बहुधा वरच्या बाजूस असते. नाडी आवळली की उंचवट्यावर दाब येऊन बोटांना मुंग्या येतात. अशा वेळी बूट बदलण्यापूर्वी त्या जागेवरील एक ओळ सोडून नाडी ओवून पाहावी.

टाच अरुंद आणि चवडा रुंद ही जोडी सर्वांत अवघड. तयार बुटांत दोन्ही गोष्टी क्वचितच एकत्र सापडतात. चवड्याला योग्य असा बूट निवडून घोट्याजवळच्या आकड्यांत नाडीला गाठ मारून टाच मागे खेचून धरणे हा व्यवहार्य उपाय होय. उलट क्रमाने, म्हणजे टाचेला बसणारा अरुंद बूट घेऊन तो ‘वापरून सैल होईल’ या भरवशावर राहणे चुकीचे ठरते. चामडे थोडे सैलावते. हल्लीच्या कृत्रिम कापडाच्या बुटांत तेवढीही सवलत नसते. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेले असल्यास त्या जागी शिवण किंवा कडक पट्टी नसलेला बूट पाहावा.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या व्यक्तींनी केवळ ‘टोचत नाही’ या अनुभवावर निवड करू नये. त्यांना बूट लागत असल्याचे फोड येऊन गेल्यावरच कळते. मोजलेले माप आणि वैद्यकीय सल्ला हेच त्यांच्यासाठी विश्वासार्ह असतात.

बूट पारखणे

पाय दिवसभरात सुजतो, त्यामुळे बूट संध्याकाळी आणि भटकंतीत वापरायच्याच मोज्यांवर घालून पाहण्याची शिफारस केली जाते. दोन्ही पाय क्वचितच समान असतात. माप मोठ्या पायाचे धरावे. प्रथम बुटातील गादी बाहेर काढून तिच्यावर उभे राहिल्यास पाय कडेबाहेर येतो का, हे लगेच दिसते. त्यानंतर नाडी न बांधता पाऊल पुढे टोपीपर्यंत सरकवावे. टाचेमागे एक बोट, म्हणजे साधारण एक ते दीड सेंमी जागा उरणे योग्य मानतात. नाडी बांधल्यावर बोटे हलली पाहिजेत आणि टाच जवळपास जागेवर राहिली पाहिजे.

खरी परीक्षा उतारावर होते. दुकानात उताराची फळी नसेल तर जिन्यावरून उतरावे आणि प्रत्येक पायरीवर पाऊल किंचित पुढे ढकलावे. एकदा जरी बोट टोपीला लागले तरी तो बूट त्या पायासाठी नाही. ऑनलाइन खरेदीत ही चाचणी घरच्या जिन्यावर, तळ मळू न देता करता येते. म्हणून परत करण्याची मुदत संपण्याआधी बूट निदान अर्धा तास घरात घालून वावरणे श्रेयस्कर. नवे बूट थेट किल्ल्यावर नेण्याआधी काही दिवस रोजच्या चालण्यात वापरण्याचा प्रघात आहे.

पावसाळी भटकंतीत मापाचे गणित थोडे बदलते. ओढे ओलांडताना पाणी वरूनच बुटात शिरते आणि जलरोधक अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही. भिजलेली त्वचा मऊ होऊन लवकर सोलवटते. त्यामुळे सह्याद्रीच्या पावसात पाणी निचरणारे जाळीदार बूट आणि लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे पुष्कळांना सोयीचे वाटतात. सुती मोजे पाणी धरून ठेवतात व त्यांना चुण्या पडतात.

स्की-भ्रमणाचे बूट

महाराष्ट्रातील गिर्यारोहकांना स्कीचा सराव करण्यासाठी गुलमर्ग, औली यांसारख्या हिमालयीन ठिकाणी जावे लागते. आखीव उतार सोडून डोंगरात फिरण्याच्या स्की-भ्रमणात स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून आधी चढावे लागते आणि मग त्या काढून उतरावे लागते. त्यामुळे एकाच बुटाने चढताना घोटा मोकळा सोडणे आणि उतरताना तो जखडून धरणे ही दोन्ही कामे करणे अपेक्षित असते. बुटाच्या मागे असलेल्या खटक्याने ही स्थिती बदलतात.

या बुटाचे बाहेरचे कवच कडक प्लास्टिकचे व आतला मऊ बूट वेगळा असतो. पारख कवचापासून सुरू होते. आतला बूट काढून, बोटे कवचाला पुढे टेकवून टाचेमागे किती जागा उरते ते पाहतात. चढणीच्या चालीसाठी एक ते दोन सेंमी जागा ठेवतात. बहुतेक उत्पादकांच्या पूर्ण व अर्ध्या मापाचे कवच एकच असते, त्यामुळे अर्धे माप वाढवूनही बूट मोठा झाल्याचे समाधान केवळ कागदावर मिळते. २६.५ मापात चवड्यापाशी रुंदी साधारण ९८ ते १०४ मिमी असते. रुंद पायाला यातील वरच्या टोकाची निवड करावी लागते. सरळ उभे असताना बोटे पुढे हलकी टेकावीत आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की ती मागे सुटावीत, ही योग्य मापाची खूण समजतात. आतला बूट उष्णतेने पायाच्या आकाराचा करता येतो. कवचही ठरावीक जागी तापवून फुगवता येते, मात्र त्यासाठी जाणकार कारागीर लागतो. भाड्याच्या बुटांत ही सोय नसल्याने तेथे दोन-तीन जोड बदलून पाहणे हाच मार्ग उरतो.

साठवण आणि तळ निखळणे

अनेक बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील ओलाव्याने तो रासायनिकरीत्या विघटित होतो, बूट वापरला नाही तरी. कोकणपट्टीच्या दमट हवेत काही वर्षे कपाटात ठेवलेला जोड बाहेरून नवा दिसतो आणि पहिल्याच चालीत तळ भुगा होऊन सुटतो. सवलतीत मिळणारा जुना साठा घेताना खोक्यावरील निर्मितीचा महिना व वर्ष पाहणे म्हणूनच गरजेचे असते. भिजलेले बूट उन्हात किंवा चुलीजवळ न वाळवता गादी काढून, आत कागद कोंबून सावलीत वाळवतात. वापरात नसताना ते प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवत नाहीत.