जॉर्जेट हेयर यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या : विनोद आणि भाषा

इंग्रजी कादंबरीच्या रूढ इतिहासग्रंथांत जॉर्जेट हेयर यांचे नाव क्वचितच आढळते. आणि आढळलेच, तर ‘लोकप्रिय’ या एका विशेषणावर त्यांची बोळवण झालेली असते. १९२१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ‘द ब्लॅक मॉथ’ ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. १९७४ साली त्या निवर्तल्या. मुलाखती देण्याचे त्यांनी जन्मभर टाळले. असे असूनही, मृत्यूला अर्धशतक उलटल्यावरही त्यांची पुस्तके छापली जातात आणि आवडीने वाचली जातात. या टिकाऊपणाची मीमांसा करताना सामान्यतः गतकाळाची ओढ पुढे केली जाते : उंची वस्त्रे, चार घोड्यांच्या गाड्या, झुंबरांखालील नृत्यसमारंभ. परंतु ही सामग्री इतर कितीतरी प्रणयकथांत होती आणि त्या कथा आज कोणाच्या स्मरणातही नाहीत. तेव्हा कारणाचा शोध अन्यत्र, म्हणजे पात्रांच्या बोलण्यात, घेणे प्राप्त आहे.

हेयरबाईंचा खास प्रांत म्हणजे १८११ ते १८२० हा रीजन्सीचा काळ. तिसऱ्या जॉर्जला मनोविकाराने ग्रासल्यामुळे या अवधीत त्याचा पुत्र राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहत होता. ‘रीजन्सी बक’ (१९३५) या कादंबरीपासून त्यांनी हा काळ हाती घेतला. कपडे, टोप्या, दुकाने, वस्तूंच्या किमती, बोलण्यातील लकबी यांची टिपणे त्या विषयवार वह्यांत करून ठेवीत. वॉटर्लूच्या लढाईवरील ‘अ‍ॅन इन्फेमस आर्मी’ (१९३७) या कादंबरीत वेलिंग्टनच्या तोंडी घातलेला प्रत्येक शब्द त्याने प्रत्यक्ष उच्चारलेला किंवा लिहिलेला आहे, असा त्यांचा दावा होता. इतिहासनिष्ठेची ही एक रीत झाली. विनोदी कादंबऱ्यांत मात्र त्यांनी जे केले ते निराळे आहे, आणि भाषाभ्यासकाच्या दृष्टीने अधिक कुतूहलाचेही आहे.

त्यांच्या तरुण पात्रांच्या बोलण्यात त्या काळातील चोरटी, तबेल्यातील आणि जुगारअड्ड्यांवरची बोली भरपूर येते. मद्याने झिंगलेला माणूस ‘फॉक्स्ड’ असतो, पैशाला ‘ब्लंट’ म्हणतात, गहाण पडलेला तो ‘डिप्ड’. हे शब्द मनःकल्पित नव्हेत. फ्रान्सिस ग्रोस याने १७८५ साली रचलेल्या गावंढळ बोलीच्या कोशात ते नोंदलेले आहेत. १८११ साली त्याच कोशाची वाढवलेली आवृत्ती निघाली, आणि पिअर्स ईगनच्या ‘लाइफ इन लंडन’ (१८२१) या पुस्तकात अशीच बोली उदंड वापरलेली आहे. शब्द अस्सल, यात शंका नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या दाटीचा. याच वर्षांत प्रत्यक्ष जगलेल्या आणि लिहिणाऱ्या जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत असे शब्द इतके विरळ का? ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’मधील जॉन थॉर्पसारख्या बढाईखोराच्या तोंडी तिने ही ढब घातली आहे, पण ती त्याचे हसे करण्यासाठी. ऑस्टिनचा वाचक तिचा समकालीन होता. भोवतीचे जग त्याला कानांनी ठाऊक होते. हेयरबाईंच्या वाचकाला ते जग केवळ शब्दांतूनच मिळायचे होते. म्हणून त्यांनी कोशातील जुन्या विटा घेऊन घर मात्र नवे बांधले. अशी बोली सलगपणे, या प्रमाणात, लंडनच्या कोणत्याही दिवाणखान्यात बोलली गेली असेल असे मानणे कठीण आहे. या कादंबऱ्यांना ‘तंतोतंत ऐतिहासिक’ म्हणून गौरविणारे वाचक आणि ‘केवळ वेशभूषेच्या कथा’ म्हणून उडवून लावणारे समीक्षक हे दोघेही येथेच चुकतात.

या घराचे नियम मात्र कडक आहेत. कोणता शब्द कोणी, कोणासमोर उच्चारावा याची मर्यादा ठरलेली आहे, आणि तिचा भंग झाला की विनोद उत्पन्न होतो. भावाच्या तोंडचा तबेल्यातला शब्द बहिणीने बैठकीत सहज वापरला की वडीलधाऱ्यांचे चेहरे पालटतात. प्रेम जमते तेही प्रायः संभाषणातूनच; नायकाच्या वाक्याला तोडीस तोड वाक्य देणारी नायिका त्याला प्रथम त्रासदायक वाटते आणि पुढे तिच्यावाचून करमत नाही.

‘कॉटिलियन’ (१९५३) हे या कौशल्याचे सर्वोत्तम उदाहरण होय. किटी चेरिंग या आश्रित मुलीच्या विनंतीवरून तिच्याशी खोटे वाङ्निश्चय करणारा फ्रेडी स्टँडन हा दिसण्यात टापटिपीचा, बुद्धीने बेताचा. एल्गिन संगमरवरी शिल्पे पाहून तो वैतागतो, कारण पुतळ्यांना मुंडकीच नाहीत! त्याचे बोलणे तुटक आहे. वाक्यातला कर्ता तो सदा गाळतो. इंग्रजीत अशी कर्तृहीन वाक्ये आळसाची वा मंदपणाची खूण ठरतात, आणि वाचकही त्यावरून फ्रेडीला नकळत खालच्या पायरीवर बसवतो. पुढे प्रत्येक अडचणीत व्यवहारज्ञान आणि सौजन्य दिसते ते याच फ्रेडीत, वाक्चतुर जॅक वेस्ट्रदरमध्ये नव्हे. ज्या मापाने वाचकाने माणसे जोखली ते मापच खोटे निघते. येथे मराठी भाषांतरकाराची पंचाईत होईल. मराठीत क्रियापदाच्या रूपातूनच कर्त्याचा पुरुष आणि पुष्कळदा लिंगही व्यक्त होत असल्यामुळे कर्ता गाळणे हा नित्याचा व्यवहार आहे. त्यातून कोणाचाही स्वभाव सूचित होत नाही. जुने बोलके शब्द हवे असल्यास मोल्सवर्थच्या कोशात (१८३१) ते हवे तितके सापडतील. परंतु कोणता शब्द कोणाच्या तोंडी शोभतो, हे बहुतांशी कोशाबाहेरचे ज्ञान आहे. ‘मोचनगड’पासून (१८७१) मराठी ऐतिहासिक कादंबरीने गड, स्वराज्य आणि पराक्रम यांकडे दृष्टी लावली, दिवाणखान्यातील थट्टामस्करीला लागणारी भाषा घडविण्याची निकड तिला फारशी भासली नाही.

‘द ग्रँड सोफी’ (१९५०) मधील सोफी आत्याच्या घरी राहावयास येते आणि अखेर आतेभावाशीच तिचे लग्न ठरते. आधुनिक इंग्रज वाचकाला हे खटकते. मराठी वाचकाला मामेबहिणीचे नाते परिचित असल्याने त्यात काही नवल वाटणार नाही. खटकावे असे या कादंबरीत दुसरेच आहे. दुसऱ्या एका आतेभावाला कर्जातून सोडविण्यासाठी सोफी ज्या सावकाराला भेटते, तो गोल्डहँगर हा ज्यू आहे आणि त्याचे चित्रण ज्यूंविषयीच्या जुन्या विकृत साच्यातच ओतलेले आहे. युरोपातील ज्यूंचा संहार होऊन पाच वर्षे लोटली असता हे लिहिले गेले. ‘तो त्या काळचा ग्रह’ हे समर्थन येथे लंगडे पडते, कारण काळ निवडण्याचे आणि त्यातून काय घ्यावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य लेखिकेचेच होते. इतरत्र प्रत्येकाच्या बोलीला न्याय देणारा तिचा कान या एका दालनात बहिरा झाला आहे.

हेयरबाईंची महत्त्वाकांक्षा निराळी होती. मध्ययुगातील लँकेस्टरच्या जॉनवर एक भारदस्त कादंबरीमाला लिहावी असे त्यांना वाटे. ते काम अपुरे राहिले. त्यातील भाग ‘माय लॉर्ड जॉन’ या नावाने १९७५ साली, मरणोत्तर, प्रसिद्ध झाला. ज्या पुस्तकांकडे त्या स्वतः उपजीविकेचे साधन म्हणून पाहत, तीच टिकली. १९६९ साली ए. एस. बायट यांनी त्यांच्या लेखनाची बाजू घेऊन निबंध लिहिला. २०१५ साली विंबल्डन येथील त्यांच्या जन्मघरावर निळा स्मृतिफलक लागला.

दरम्यान त्यांच्या अनुकरणातून रीजन्सी प्रणयकथांचा एक स्वतंत्र वर्गच निर्माण झाला. त्या कथांतील तरुण सरदारही ‘फॉक्स्ड’ होतात आणि ‘ब्लंट’ उधळतात. मात्र हे शब्द लेखकांनी बहुधा ग्रोसच्या कोशातून नव्हे, तर हेयरबाईंच्या कादंबऱ्यांतून उचललेले असतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची ही बोली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुस्तकांत अचानक इतकी विपुल कशी झाली, असा प्रश्न पुढेमागे एखाद्या कोशकाराला पडेल, आणि त्याचे उत्तर शोधताना त्याला या एका लेखिकेच्या टिपणवह्यांपर्यंत यावे लागेल.